उंटांच्या पायवाटेवर एक सायकल

माझा भाचा ॲडलेडला नोकरी करतो. गेल्या जुलैत त्याने सुट्टी काढली, सायकलला चार पिशव्या बांधल्या आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मर्री या गावातून ऊडनाडाटाकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला लागला. या रस्त्याला ‘ऊडनाडाटा ट्रॅक’ म्हणतात. मर्रीपासून ऊडनाडाटापर्यंत सुमारे चारशे किलोमीटर आणि तिथून पुढे मार्लापर्यंत आणखी दोनशे. वाटेत दुकान, नळ, दवाखाना असं काही गृहीत धरायचं नाही. मोबाइलला बहुतेक ठिकाणी नेटवर्क नसतं, त्यामुळे पहिल्या दिवशी त्याने बोलून ठेवलेले संदेश माझ्याकडे नंतर एकदम येऊन पडले. मी शाळेतून घरी येऊन चपला काढत होतो, तेव्हा फोन पाच वेळा वाजला.

तिसऱ्या संदेशात तो म्हणत होता, “मामू, इथे काहीच नाही. सकाळपासून तीन गाड्या दिसल्या. झाड नाही, माणूस नाही. मी एकटाच आहे. या रस्त्याला काही इतिहासच नसेल.”

बहिणीचा मुलगा आहे, म्हणून त्याला फोनवर तेवढंच म्हणालो, पाणी पीत राहा. पण ते ‘काहीच नाही’ माझ्या डोक्यातून जाईना. ज्या रस्त्यावरून तो चालला होता, त्या रस्त्याबद्दल मी गेली काही वर्षं वाचतो आहे. त्याच्या त्या एका दिवसाच्या वाटेवर काय काय होतं, ते त्याला सांगायचं राहिलं. म्हणून हा लेख, त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठीही.

सकाळी निघाला तेव्हा मर्रीत कडाक्याची थंडी होती. जुलै म्हणजे तिकडचा हिवाळा. सायकलवाले हेच दिवस निवडतात, कारण उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. त्याच्याजवळ बारा लिटर पाणी, तांदूळ, डबाबंद मासे, खजूर आणि पंक्चरचं सामान होतं. गाव आज एवढंसं आहे. एक हॉटेल, एक-दोन दुकानं, पेट्रोल पंप आणि जुनं रेल्वे स्टेशन, ज्याच्यापुढे आता गाडी येत नाही. पण या गावाच्या मधोमध एके काळी रूळ होते आणि ते रूळ म्हणजे सीमारेषा होती. एका बाजूला गोऱ्यांची घरं, हॉटेल, दुकानं. दुसऱ्या बाजूला तिथल्या मूळ रहिवाशांची आणि ‘अफगाणां’ची वस्ती. त्या दुसऱ्या बाजूला खजुरीची झाडं होती आणि मातीच्या भिंतींची, गवताने शाकारलेली छोटी मशीद होती. समोर वुजूसाठी पाण्याचा हौद. मशीद केव्हाच पडली. आज तिथे तिच्यासारखी एक उघडी प्रतिकृती उभी केलेली आहे. भाच्याने तिचा फोटो पाठवला होता, पण खाली लिहिलं होतं, “कसलं तरी शेड.”

हे ‘अफगाण’ कोण? खरं तर त्यातले सगळे अफगाण नव्हतेच. बलुची होते, सिंधी होते, पंजाबी होते, पेशावरकडचे पठाण होते. ऑस्ट्रेलियात त्या सर्वांना मिळून एकच नाव पडलं, अफगाण, आणि तेही पुढे तोडून ‘घान’. आपल्याकडेही दारावर हिंग विकणारा असो की व्याजाने पैसे देणारा, सगळे ‘पठाण’ किंवा ‘काबुली’ होऊन जात. नाव विचारण्याचे कष्ट कोण घेतो!

यांच्या येण्याची सुरुवात उंटांपासून होते. १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून दोन डझन उंट मेलबर्नला उतरवले गेले आणि त्यांच्यासोबत उंट सांभाळणारी माणसंही आली. ती मोहीम फसली, बर्क आणि विल्स दोघेही मेले, पण उंट कामाचा आहे हे सिद्ध झालं. १८६६ मध्ये थॉमस एल्डर या धनाढ्य व्यापाऱ्याच्या वतीने शंभराहून अधिक उंट कराचीत जहाजावर चढवून पोर्ट ऑगस्टाला आणले गेले. सोबत एकतीस उंटवाले होते. मर्रीच्या दक्षिणेला बेल्टाना इथे एल्डरने उंटांची पैदास सुरू केली. इथे महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट नमूद करतो. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. सिंध प्रांत मुंबई इलाख्यातून वेगळा झाला तो १९३६ मध्ये. म्हणजे पुणे, सातारा, सोलापूर ज्या सरकारच्या कारभारात होतं, त्याच सरकारच्या बंदरातून हे उंट आणि ही माणसं निघाली. शाळेत आपण मुंबई इलाख्याचा नकाशा काढून घेतो, त्यातून बाहेर जाणारी ही रेघ मात्र कुणी काढत नाही.

पुढच्या साठ वर्षांत दोन हजारांहून अधिक उंटवाले आले असावेत, असं अभ्यासक मानतात. बहुतेक जण काही वर्षांच्या करारावर, एकटे, बायका-मुलं मागे ठेवून. तारायंत्राच्या खांबांपासून पिठाच्या पोत्यांपर्यंत, दारूच्या पेट्यांपासून पियानोपर्यंत सारं उंटांवरून गेलं आणि परतताना लोकरीचे गठ्ठे आले. दारू वाहून नेली, प्यायली नाही, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. सगळ्यांबद्दल ते खरं असेलच असं नाही, माणसं आहेत शेवटी.

मर्रीच्या त्या दुसऱ्या बाजूला बेजा दरवेश नावाचा एक बलुची राहत असे. आधी इंग्रजांच्या हिंदी फौजेत होता, १८९० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात आला. १८९६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात गेलेल्या काल्व्हर्ट मोहिमेत उंटांची जबाबदारी त्याच्यावर होती. त्या मोहिमेतली दोन माणसं तहानेने मेली. नेता लॉरेन्स वेल्स मात्र वाचला आणि त्याने आपलं होकायंत्र बेजाला भेट दिलं. बेजा पुढे मर्रीत स्थायिक झाला, खजुरी लावल्या आणि १९५७ पर्यंत जगला. त्याचा मुलगा १९३९ मध्ये सिम्पसन वाळवंट ओलांडणाऱ्या शास्त्रज्ञांसोबत उंट घेऊन गेला होता. भाच्याने ज्या खजुरीखाली सायकल टेकवून फोटो काढला ती बेजाची की दुसऱ्या कुणाची, ते मला ठरवता येत नाही. पण त्या गावात खजूर आपोआप उगवत नाही.

आता सायकलकडे येऊ.

दुसरा संदेश निव्वळ तक्रारीचा होता. रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा झाला होता. हातभर अंतरावर आडव्या लाटा, एकामागून एक, मैलोन् मैल. “दात खिळखिळे झाले मामू. तासाला दहा किलोमीटरही होत नाहीत.” कच्च्या रस्त्यावर वेगाने धावणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी या लाटा तयार होतात. चाक थोडं उसळतं, खाली आपटतं, माती मागे-पुढे ढकलतं, पुढचं चाक त्याच ठिकाणी पुन्हा उसळतं. रस्ता सपाट करणारं यंत्र येऊन जातं आणि काही दिवसांत लाटा परत.

याच्या नेमकं उलट उंटाच्या पायाचं आहे. उंटाला खूर नसतो, मऊ रुंद गादी असते. घोड्याचा खूर माती उकरतो, बैलगाडीचं चाक चाकोरी कापतं, उंटाची गादी माती दाबते. उंटांचा काफिला नाकाच्या दोरीने एकाला एक बांधलेला असतो. चाळीस, पन्नास, कधी सत्तर उंट एकाच रेषेत चालतात, पहिल्याने जिथे पाय ठेवला तिथेच शेवटचा ठेवतो. एकेका तगड्या नराच्या पाठीवर चारशे किलोहून जास्त ओझं. असे काफिले आठवड्यामागून आठवडे गेले की झुडपांतून दोन-अडीच फूट रुंदीची, दाबून घट्ट झालेली, गुळगुळीत पट्टी तयार होते. गाडीला ती अरुंद पडते. सायकलला मात्र हातभर जागा पुरे.

ही गोष्ट पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर लक्षात आली ती मर्रीजवळ नाही, तिथून फार दूर पश्चिमेला, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या पट्ट्यात. १८९२ मध्ये कूलगार्डीला सोनं सापडलं, १८९३ मध्ये कालगूर्लीला. हजारो माणसं धावली. पाणी नाही, चारा नाही, त्यामुळे घोडे तिथे परवडत नव्हते. नेमक्या त्याच वर्षांत दोन सारख्या चाकांची, हवेच्या टायरची सायकल बाजारात आली होती. सायकलला चारा लागत नाही, पाणी लागत नाही. सोनं शोधणारे, वार्ताहर, डॉक्टर, पाद्री सगळे सायकलवर. पत्रं आणि तारा पोहोचवायला सायकलवाल्यांची खासगी टपालसेवा सुरू झाली. कूलगार्डी सायकल एक्सप्रेस कंपनीने तर स्वतःची तिकिटं छापली होती, जी आज तिकीट गोळा करणाऱ्यांच्या संग्रहात आहेत. आणि हे सारे सायकलवाले रस्ता सोडून ‘कॅमल पॅड’ म्हणजे उंटांची पायवाट शोधत. जिम फिट्झपॅट्रिक यांनी १९८० साली ‘द बायसिकल अँड द बुश’ हे पुस्तक लिहिलं, त्यात ऑस्ट्रेलियाच्या रानातल्या सायकलींचा सगळा इतिहास आहे. उंटांच्या वाटा सायकलला किती सोयीच्या होत्या, याचं त्यांनी सविस्तर वर्णन केलं आहे.

मला या ठिकाणी थांबावंसं वाटतं. सोन्याच्या पट्ट्यातला तो तरुण गोरा सायकलवाला, खांद्याला पत्रांची पिशवी, झुडपांतून सपाट्याने जाणारा. त्याच्या धाडसाबद्दल माझ्या मनात शंका नाही. टायर फाटला तर वाळवंटात मरण होतं. पण त्याच्या चाकाखालची जमीन कुणीतरी आधी चालून तयार करून ठेवली होती. तिथल्या वर्तमानपत्रांत सायकलवाल्याचं कौतुक छापून येत होतं, त्याच काळात त्याच कूलगार्डीत १८९४ मध्ये ‘अँटी-अफगाण लीग’ स्थापन झाली होती. उंटवाले स्वस्तात माल वाहतात, आमच्या बैलगाड्यांचा आणि घोडागाड्यांचा धंदा बुडवतात, पाणवठे घाण करतात, त्यांना हाकला, ही तिची मागणी.

पाणवठ्यांचा मुद्दा पुढे काढतो. आपल्या लोकांचे गुण गाताना एक कटू गोष्टही लिहायला हवी. फैज महंमद आणि ताघ महंमद हे दोन भाऊ तिथले सर्वांत मोठे उंटव्यापारी होते. १८९६ च्या जानेवारीत कूलगार्डीच्या मशिदीत नमाज पढत असताना ताघ महंमदला गोळी घातली गेली. मारणारा कुणी गोरा नव्हता, आपल्यातलाच एक उंटवाला होता. त्याला फाशी झाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आर्थर रिचर्डसन नावाचा चोवीस वर्षांचा तरुण कूलगार्डीहून सायकलवर निघाला आणि नलरबोरचं वैराण पठार ओलांडून एकतीस दिवसांत ॲडलेडला पोहोचला. सोबत छोटंसं बोचकं आणि पाण्याची पिशवी. पुढे ५ जून १८९९ ला तो पर्थहून निघाला आणि संपूर्ण ऑस्ट्रेलियाला फेरी मारून ४ फेब्रुवारी १९०० ला परत पर्थला आला. सायकलवर हा खंड फिरून येणारा तो पहिला माणूस.

पण आपला भाचा ज्या वाटेवर होता, त्या वाटेचा सायकलवाला दुसरा. त्याचं नाव जेरोम म्युरिफ. १८९७ च्या मार्चमध्ये तो ॲडलेडजवळच्या समुद्रकिनाऱ्यावरून निघाला, मर्रीवरून, याच रेल्वेच्या कडेकडेने ऊडनाडाटाला गेला, तिथून तारेच्या खांबांच्या सोबतीने खंडाच्या पोटातून उत्तरेला, आणि मे महिन्यात डार्विनला दुसऱ्या समुद्रात चाक भिजवलं. दक्षिणेच्या समुद्रापासून उत्तरेच्या समुद्रापर्यंत सायकलवर जाणारा पहिला. त्याने प्रवासाचं पुस्तकही लिहिलं. मला त्याच्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचा पोशाख. त्या काळच्या साहेबी सायकलवाल्यांसारखी घट्ट विजार न घालता तो पायजमा घालून गेला! पाय आणि जामा, दोन्ही फारसी शब्द. उर्दूतून आपल्याकडे आले, हिंदुस्थानातून साहेबाने उचलले. सायकलवरून पहिल्यांदा ऑस्ट्रेलिया उभा ओलांडला गेला, तो पायजम्यात. वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलं इतकी हसली की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या.

मर्री सोडून चाळीसेक किलोमीटरवर भाच्याला तारेचं लांबच लांब कुंपण आडवं आलं. हे डिंगो म्हणजे रानकुत्र्यांपासून मेंढ्यांना वाचवण्यासाठी आहे. लांबी पाच हजार किलोमीटरहून जास्त. अशीच कुंपणं पश्चिमेला सशांना अडवायला घातली होती. त्यांची गस्त घालणारे नोकर कधी सायकलवर असत, कधी उंटावर. म्हणजे सरकारी कागदावर तरी सायकल आणि उंट एकाच रकान्यात बसले होते. मेंढ्यांची लोकर कातरणारे कामगारही एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर शेकडो मैल सायकलने जात, पाठीवर वळकटी बांधून. आपण सायकल म्हटलं की शाळेची मुलं आणि दूधवाला आठवतो. तिकडे ती कामकऱ्याचं घोडं होती.

दुपारी त्याने जेवायला थांबून तो ‘काहीच नाही’ वाला संदेश पाठवला.

या भागाखाली जमिनीत पाण्याचा अफाट साठा आहे. जिथे जमिनीला भेग पडते तिथे ते पाणी आपल्या दाबाने वर येतं, क्षार साठून भोवती उंचवटा तयार होतो आणि उंचवट्याच्या टोकावर पाण्याचं डबकं. असे झरे या रस्त्याच्या कडेने माळेसारखे ओवलेले आहेत. खरं म्हणजे रस्ता झऱ्यांच्या कडेने गेलेला आहे. हा अराबाना लोकांचा मुलूख. हजारो वर्षं ते या झऱ्यांवरून त्या झऱ्यावर चालत होते. दूर दूरच्या टोळ्यांशी गेरू आणि इतर जिनसांची देवघेव याच वाटांनी चाले. १८५८ पासून जॉन मॅकडुअल स्टुअर्ट हा शोधक याच झऱ्यांच्या आधाराने उत्तरेला सरकत गेला आणि १८६२ मध्ये उत्तर किनाऱ्याला पोहोचला. १८७२ मध्ये त्याच मार्गाने तारायंत्राची ओळ पूर्ण झाली. मग उंटांचे काफिले, मग रेल्वे, मग म्युरिफची सायकल, मग मोटारींचा रस्ता. शोध वगैरे शब्द आपण वापरतो, पण मुळात सगळे पाण्यामागून चालत गेले आणि पाणी कुठे आहे हे ज्यांना माहीत होतं ते आधीपासून तिथे राहत होते. उंटवाल्यांनीही त्या मूळ रहिवाशांचे झरे तुडवले, तेही लिहून ठेवतो. काहींनी त्यांच्यातल्या मुलींशी लग्न करून संसार थाटले. मर्रीत आजही अशी कुटुंबं आहेत, ज्यांच्या आजोबांच्या नावात खान आहे आणि आजीची भाषा अराबाना किंवा दुसरी कुठली तिथली भाषा.

पाण्याची किंमत सोन्याच्या पट्ट्यात माणसाच्या जिवापर्यंत गेली. १८९४ मध्ये तिथल्या एका पाणवठ्यावर वुजू करणाऱ्या उंटवाल्यांशी काही गोऱ्यांचं भांडण झालं. पाणी घाण करता, हे निमित्त. गोळीबार झाला, दोन मुसलमान मेले. गोळी झाडणाऱ्यावर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. पाणी कमी असेल तर तयम्मुम आहे, माती चालते, ही सवलत दीनमध्ये आहेच. त्या दिवशी ती का वापरली नाही, पाणी पुरेसं होतं का, हे आपण इतक्या लांबून काय ठरवणार! मला एवढंच खुपतं, की पाण्यासाठी उंट आणणारे हेच, दूरच्या खाणींना उंटांवरून पाणी पोहोचवणारेही हेच, आणि पाय धुतले म्हणून मेलेले हेच.

चौथ्या संदेशात वारा ऐकू येत होता. समोरून वारा, तोंडावर माश्यांची जाळी आणि मागच्या चाकात पंक्चर. काट्याचा फोटो पाठवला होता, “हा काय प्रकार?” मी पाहताच ओळखला. सराटा! काही लोक गोखरू म्हणतात. आपल्याकडे माळावर अनवाणी चाललेल्या प्रत्येकाला तो माहीत आहे. कसाही पडला तरी एक टोक वर. सात समुद्रापलीकडे जाऊन पोराला काटा टोचला तो घरचाच.

संध्याकाळकडे डाव्या हाताला जुन्या रेल्वेचे अवशेष लागू लागले. मातीचा बांध, लाकडी पूल, पडकी दगडी घरं. ही ‘घान’ रेल्वे. १८८४ मध्ये मर्रीपर्यंत, १८९१ मध्ये ऊडनाडाटापर्यंत आणि १९२९ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत पोहोचली. १९८० मध्ये पश्चिमेकडून नवा, पक्का मार्ग झाला आणि हा सोडून देण्यात आला. आज ॲडलेड ते डार्विन धावणारी महागडी पर्यटक गाडी ‘द घान’ याच नावाने धावते आणि उंट हे तिचं चिन्ह आहे. नाव उंटवाल्यांवरून पडलं असं बहुतेक जण मानतात.

गाडीला नाव दिलं, पण माणसांना?

इथे मी भाषाशिक्षक म्हणून बोलतो. मी दर शनिवारी श्रुतलेखन घेतो. पाचवीला मराठी, सहावीला उर्दू. दहा वाक्यं सांगतो, मुलं लिहितात, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की अर्धा गुण जातो. मुलांना शुद्ध लिहिता यावं म्हणून हा खटाटोप. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलिया एक राष्ट्र झालं आणि त्याने केलेल्या पहिल्या काही कायद्यांपैकी एकात श्रुतलेखन होतं. परदेशातून येणाऱ्याला अधिकाऱ्याने सांगितलेला पन्नास शब्दांचा उतारा लिहून दाखवायचा. भाषा कोणती? कोणतीही युरोपीय, अधिकारी ठरवेल ती. पुढे १९०५ मध्ये ‘युरोपीय’ हा शब्द काढला, कारण त्याने जपानसारख्या राष्ट्रांचा अपमान होत होता. व्यवहार तोच राहिला. ज्याला आत घ्यायचं नाही, त्याला न येणारी भाषा द्यायची. एगॉन किश या झेक पत्रकाराला अनेक भाषा येत होत्या, तर १९३४ मध्ये त्याला स्कॉटलंडमधली गेलिक दिली. तो न्यायालयात गेला आणि जिंकला, पण उंटवाल्याला वकील कुठला परवडणार? कुराण वाचता येणारा, फारसीत पत्र लिहिणारा, उंटांचा हिशेब मनात ठेवणारा बलुची त्या परीक्षेत निरक्षर ठरणार, हे पेपर काढणाऱ्याला आधीच ठाऊक होतं. ही परीक्षा १९५८ मध्ये रद्द झाली.

जे आधीपासून तिथे होते, त्यांना घरी आई-बापाला भेटायला जायचं असेल तर परत येताना या परीक्षेतून सूट मिळाल्याचं प्रमाणपत्र आधी काढावं लागे. त्यावर समोरून आणि बाजूने फोटो आणि पंजाचा शाईतला ठसा. तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात अशी प्रमाणपत्रं ढिगाने आहेत. मी काही इंटरनेटवर पाहिली. फेटा बांधलेली, कॅमेऱ्याकडे सरळ बघणारी माणसं, आणि खाली पूर्ण हाताचा काळा ठसा, रेषांसकट. १९०३ च्या कायद्याने आशियात जन्मलेल्यांना नागरिकत्वाची दारंही बंद केली. यातले अनेक जण ब्रिटिश हिंदुस्थानचे, म्हणजे त्याच बादशहाचे प्रजाजन होते.

माझा भाचाही परीक्षा देऊनच तिकडे गेला. इंग्रजीची. दोनदा दिली, दुसऱ्यांदा हवे तेवढे गुण मिळाले. त्याची परीक्षा पास होण्यासाठी होती.

उंटांचा शेवट मोटारीने केला. १९२० नंतर मालट्रक येऊ लागले. १९२५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाने उंट नष्ट करण्याचा कायदा केला, ज्याखाली नोंदणीचा बिल्ला नसलेला, मोकाट फिरणारा उंट गोळी घालून मारता येई. अनेक उंटवाल्यांनी आपली जनावरं मारण्याऐवजी रात्री वाळवंटात सोडून दिली. त्यांची पिल्लावळ आज तिथे मोकाट फिरते, आणि वाढली म्हणून २००९ ते २०१३ या काळात सरकारी मोहिमेत सुमारे एक लाख साठ हजार उंट कमी करण्यात आले. सायकलही तेव्हाच रानातून गेली. मोटार आली आणि उंटवाला आणि सायकलवाला दोघेही एकाच दशकात वाटेवरून उतरले. त्यांच्या जागी त्या पत्र्याच्या लाटा आल्या.

दिवस मावळताना भाचा कर्डिमर्का या ओस पडलेल्या स्टेशनावर पोहोचला. जवळजवळ शंभर किलोमीटर झाले होते. थोडं आधी उजवीकडे त्याला मिठाचं पांढरं मैदान दिसलं होतं, समुद्रसपाटीपेक्षा खाली असलेलं काटी थांडा सरोवर, नकाशावर लेक एअर. जुन्या स्टेशनाच्या भिंतीच्या आडोशाला तंबू लावला, भात शिजवला. शेवटचा संदेश हळू आवाजात होता. किब्ला कुठे ते फोनमध्ये बघितलं, आपल्यासारखाच पश्चिमेला आहे, मगरीब कसर नाही ना मामू, तीनच ना? मी त्याला लिहिलं, तीनच. कसर फक्त चार रकातींच्या नमाजांना. आणि खाली लिहिलं, तू ॲडलेडमध्ये लिटल गिल्बर्ट स्ट्रीटवरच्या ज्या मशिदीत जुम्मा पढतोस ना, ती १८८८-८९ मध्ये बांधली, याच वाटेवरच्या उंटवाल्यांसाठी आणि त्यांच्याच पैशातून. मिनार १९०३ चे. काम सोडून म्हातारे झालेले कित्येक जण तिच्या आवारातल्या खोल्यांत राहून तिथेच वारले.

त्याचं उत्तर चार दिवसांनी आलं, ऊडनाडाटाहून. “परत जाताना मर्रीला थांबतो. त्या शेडचा नीट फोटो काढतो.”

त्या शनिवारी मी श्रुतलेखनात गावांची नावं घातली. मर्री, कर्डिमर्का, ऊडनाडाटा, कूलगार्डी. मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे. डाल की दाल, ते की टे, मुलांचा नुसता गोंधळ. एकालाही चारही नावं बरोबर लिहिता आली नाहीत. मी कुणाचेच गुण कापले नाहीत.